बेसिल फेबियन डाबरे, दोघे

—नको, विनी, त्या कॉम्प्युटरच्या क्लासला तू जाऊच नकोस. अंधेरीपर्यंत जायचं, चपला बाहेर काढून त्या थंडगार खोलीत बसायचं, आणि मास्तर पहिल्याच आठवड्यात सांगतात तेवढंच खरं — माणसाची माहिती भरताना त्याला अशी एक खूण द्या की जी दुसऱ्या कुणाची नसेल. नंबर द्या. नावावर जाऊ नका. एवढंच गं! आणि एवढंसुद्धा आपल्या बागायतदार सोसायटीतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

सांगितलं नाही असं वाटतं तुला? सांगितलं की. सोसायटीत कॉम्प्युटरचं मशीन आलं तेव्हाच — काम नीट झालं तर ऑपरेटर म्हणून मलाच ठेवणार होते, ठरलेलं होतं — मी म्हटलं, सभासदांना नंबर देऊ. चेअरमन डॉमनिककाका म्हणाले, "नंबर तुरुंगात देतात." सगळे हसले. पप्पा कमिटीत, तेही हसले. नाव, बापाचं नाव, आडनाव, बस झालं म्हणे. कसं बस झालं? आपल्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव. आजोबा बेसिल फेबियन डाबरे, पप्पा फेबियन बेसिल, मी परत बेसिल फेबियन. अख्ख्या भुईगावात घरोघरी हेच. गावाला कळतं, म्हातारा कोण नि पोरगा कोण — मशीनला कसं कळणार? जन्मतारखा मागितल्या, तर त्या कुणाला आठवतात म्हणे.

मग वार्षिक सभा आली. मयत सभासद काढून टाक, हुकूम. आजोबा त्याच पावसाळ्यात गेलेले. मी म्हटलं, नावावरून काढले तर नातूही जातील, एकेक बघून काढतो, आठवडा द्या. तर म्हणे, मग मशीन कशाला घेतलं? तू काढ, आम्ही आहोत. काढले. म्हातारे गेले, त्यांच्याबरोबर सगळे नातू गेले. मीसुद्धा. भर सभेत पोरं ओरडतायत, आमची मतं कुठायत — आणि 'आम्ही आहोत'वाले पंख्याकडे बघत बसलेले. पप्पा उठले. मला वाटलं, आता सांगतील. हात जोडून म्हणाले, "पोराला नीट येत नाही. माफ करा."

—नाही, रडत नाहीये. क्लास मीच सोडला. म्हणजे, फी पप्पांनी बंद केली. तेच ते. मशीनवर आता क्रोशाचा रुमाल आहे, वर फुलदाणी.

तू हुशार आहेस म्हणूनच सांगतोय. तू शिकशील, बरोबर तेच सांगशील, आणि ते हसतील.

वाडीतून पप्पांची हाक येतेय? येऊ दे. बेसिल, बेसिल करतायत ना — त्या नावाचं कुणी नाही त्यांच्याकडे, त्यांनीच काढलं. जा तू. जाताना फाटक लाव.