वलांडीवरचं पाळणाघर

गिरण्यांचा संप चालू होता ना, त्या सालची गंमत. अंधेरीच्या आमच्या कोळीवाड्यात बायकांना पाळणाघर हवं होतं. त्या मासळी घेऊन बाजारात गेल्या की पोरं खाडीवर जायची. माझ्या बहिणीचं लेकरू बुडता बुडता वाचलं होतं. पण शेजारच्या बंगलेवाल्या साहेबांनी तक्रार केली, नव्या बांधकामाने जुन्या गावठाणाची शोभा जाईल म्हणून. पालिकेची परवानगी अडकली.

वाड्यातली मासळीवाली यशोदामावशी म्हणाली, "बांधकाम नको ना? नाय बांधत."

दुसऱ्या दिवशी आम्ही वलांडीवरचे वाळत घातलेले बोंबील उतरवले, त्याच बांबूंना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि वर जुनं शीड ताणलं. झोळी-झोळीत पोर.

साहेब अधिकाऱ्याला घेऊनच आले. "पाडा हे!"

"यात बांधकाम कुठंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"अहो, शोभा गेली सगळी!"

मावशी झोका देत म्हणाली, "ही वलांडी माझ्या आजेसासूच्या वेळची. तुमचा बंगला कवाचा, शेठ?"

साहेब आणखीनच ओरडायला लागले. चारचौघांत मी कधी तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी पुढे झालो.

"साहेब, हळू बोला. पोरं झोपलीत."