फ्रेंचमधलं ‘कोणी नाही’

आता तुमीच सांगा, साठी उलटल्यावर माणसानं काय शिकावं? भजन! पेटी! आणि मी काय शिकतोय? फ्रेंच! चौक गावात बसून! बाहेर हायवेला ट्रक बोंबलतायत आणि आत मी तोंडाचा चंबू करून... हसू नका हो. लेक जागृती फ्रान्सला दिली, तिची पोरगी पाच वर्षांची, तिला मराठी येतं एवढंच, “आजोबा, बाय!” म्हणजे फोन सुरू होतो तिथंच संपतो! काय बोलायचं मी?

लावला मग मोबाइलवर क्लास. पुण्याच्या हर्षला मॅडम. आवाज गोड, पण शिस्त कडक! “काका, आज ‘कोणीतरी’, ‘कोणी नाही’, ‘सगळे’. आणि वाक्यं घरातली हवीत हं, खरी हवीत!” आता खरी म्हणल्यावर... बायको जाऊन चार वर्षं झाली, घरात मी आणि भिंतीवरची पाल. फ्रेंचमध्ये ‘पेर्सॉन’ म्हणजे कोणी नाही. सुटलोच मी! कोणी येत नाय. कोणी चहा मागत नाय. टीव्हीचा आवाज कमी करा असं कोणी म्हणत नाय... धडाधड! मॅडम खूश! “वा काका! ‘कोणी नाही’ तुमचं पक्कं झालंय! आता ‘सगळे’ करा.”

सगळे? कुठून आणू सगळे?

तुमाला सांगतो, लय डोकं खाजवलं. खोटं लिहायची सवय नाय. मग सुचलं, पोपटी! एकट्यासाठी कोणी पोपटी लावतं काय? वालाच्या शेंगा आणल्या, भांबुर्डीचा पाला आणला, मडकं भरून परसात उपडं घातलं, भोवती पेटवलं आणि गल्लीभर सांगत सुटलो. शेजारची नंदा म्हणते, “भाऊजी, वाढदिवस हाय काय?” म्हटलं, “नाय गं, गृहपाठ हाय!” गॅरेजवाला प्रवीण म्हणतो, “मामा, बरा हायस ना?” शेंगा भाजत आल्या तरी परसात मी एकटाच, आणि कानात मॅडम... पक्कं झालंय, काका, पक्कं झालंय!

आणि आले हो! नंदा आली, प्रवीण आला, समोरचा मोहियुद्दीनभाई, त्याची बायको सफुरा, अख्खी गल्ली! किती वर्षांनी माझ्या परसात कोणीतरी कोणावर ओरडलं, “ए, मीठ दे रं इकडं!” मी उगाच धुराच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. डोळ्यांना कारण पायजे ना काहीतरी!

लगेच नातीला व्हिडिओ कॉल! कॅमेरा फिरवला सगळ्यांवर आणि छाती फुगवून म्हटलं, “तू ल माँद माँज!” सगळे जेवतायत! खरं वाक्य! पोरगी टाळ्या पिटते, नंदाला हात करते, प्रवीणला हात करते... आणि मग फ्रेंचमध्ये विचारते, “फोन कोणी धरलाय?” समजलं हो मला! अख्खा प्रश्न समजला! म्हणायचं होतं, मी गं, तुझा आजोबा! पण तोंडाला सवय कशाची?

“पेर्सॉन!”

“बरं,” म्हणाली आणि ठेवला फोन.

मॅडमना सांगितलं, तर म्हणतात, “पण काका, उच्चार नीट केलात ना?” केला हो... पक्का झालाय ना तो!