डावा खांदा

नाही हो काका, खांदा तेवढा नाही उचलणार मी. बाकी सांगाल ते करतो — बाही आखूड करतो, बटणं सरकवतो, अस्तर उसवलंय तिथे टाके घालतो — पण डावा खांदा आहे तसा राहू दे. का म्हणजे? टोचतोय का तुम्हाला? काखेत ओढतोय? नाही ना? दोन हिवाळे मजेत घातलात, आणि आता ऑफिसातल्या कुणी मोबाइलवर काहीतरी ऐकवलं, की लगेच तुमच्याही डोळ्याला तो वाकडा दिसायला लागला. काय म्हणाला तो मोबाइलवरचा शहाणा? थांबा, मीच सांगतो. 'या कोटात माणूस उभाच नाहीये. खुंटीवर नीट न टांगता कुणीतरी घाईत फेकून गेलंय.' हेच ना? शब्द न् शब्द? — छे, पाठ कशाला करू. माझेच आहेत ते शब्द.

बसा ना. त्या चिंध्या सारा बाजूला, बसा. असे बघू नका, मीच तो. चेहरा दाखवायचो नाही, नाव सांगायचो नाही, नुसता आवाज. 'तिसरं बटण' म्हणवून घ्यायचो — तीन बटणांच्या कोटाचं सगळ्यात खालचं बटण कुणी लावत नाही, तरी ते शिवावं लागतं, म्हणून. फार आवडलं होतं मला ते नाव. तिकडे परदेशात पाच वर्षं होतो शिकायला, कपड्यांचंच शिक्षण, आणि शिकता शिकता हा नाद लागला. दर हंगामात मोठमोठ्या कंपन्यांचे पुरुषांचे कपडे रॅम्पवर यायचे, की मी एकेक पोशाख थांबवून थांबवून बघायचो, मागे नेऊन पुन्हा बघायचो, आणि बोलायचो त्यावर. बरं बोलायचो, खोटं कशाला सांगू! एकाने खिसे असे केले होते की मनगटच आत जाईना — ती पोरं बिचारी चार बोटं खुपसून चालत होती, दारात बोटं चेमटल्यासारखी. मी म्हटलं, खिसा म्हणजे शब्द दिलेला असतो, पाळायचा नसेल तर देऊ नका. दुसऱ्याने अख्खं कलेक्शन मातीच्या रंगाचं आणलं, अठ्ठावीस पोशाख, कॉलरला वाळकं गवत, आणि म्हणे निसर्गाकडे परत चला. मी म्हटलं, पँटीला गुडघ्यात जागा नाही, तुमच्या निसर्गात बसायचं कसं? लोक हसायचे. पण मी हसवायला बोलत नव्हतो, काका. मनापासून वाटायचं मला — अजूनही वाटतं — पुरुषांच्या कपड्यात फार लबाडी चालते. सगळे खांदे एका मापाचे, सगळ्या छात्या एका मापाच्या, आणि माणूस त्यात बसला नाही तर म्हणायचं, माणूसच बेढब! कपड्याने माणूस ओळखला पाहिजे. हे मी सांगत फिरायचो. मी! ज्याला स्वतःला —

जाऊ दे. कोट आणा इकडे. हा अशाच एका कंपनीच्या रॅम्पवर बाविसावा पोशाख म्हणून आला होता. हाच, राखाडी लोकरीचा. एकूण अकरा कोट होते, आणि अकराच्या अकरा डावीकडे अर्धं बोट उतरलेले. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मला पहिल्या झटक्यात दिसलं. उडालोच मी खुर्चीतून. एवढी मोठी कंपनी, एवढा नावाजलेला डिझायनर, आणि खांदा धरता येत नाही! तसाच बसलो रेकॉर्ड करायला, अंगात ताप होता तरी. खुंटीचं वाक्य तेव्हाच सुचलं. सगळीकडे तेच फिरलं मग.

आता इथे या. हा आरसा बघा, आणि तो त्याच्या समोरचा. दोन कशाला, असं विचारलंत ना मघाशी आल्या आल्या? एकट्या माणसाला स्वतःची पाठ दिसावी म्हणून. बाबांनी लावलेत. हे अकरा कोट बाबांनी बेतलेत, काका. या टेबलावर. त्या डिझायनरकडून कागदावर चित्र यायचं आणि मापांचे आकडे यायचे. पहिला कोट बाबा करायचे, त्याचे कागदी साचे कापून पाठवायचे, आणि मग तिकडे कारखान्यात त्यावरून शेकड्यांनी कोट निघायचे. नाव? नाव कसलं! शिंप्याचं नाव कोण लावतं. पण बाबांचा आकड्यांवर भरवसा नव्हता. आकडा कधी खुर्चीत बसत नाही, म्हणायचे, आकडा कधी वाकून चपला घालत नाही. म्हणून कच्चा कोट स्वतःच्या अंगावर चढवायचे, बसायचे, वाकायचे, हात वर करायचे, आणि अंगावरच टाचण्या लावत जायचे. अंगाने तसे अगदी मापातले होते. फक्त हा डावा खांदा. डावखुरे ना — ती इस्त्री बघा कोपऱ्यातली, उचलून बघा, नाही, एका हाताने — चाळीस वर्षं ती डाव्या हाताने चालवली. अर्धं बोट उतरला होता खांदा. कोटही मग तिथे तेवढाच उतरायचा.

आणि ते अर्धं बोट काढून टाकायचं काम माझं होतं. शाळेत असल्यापासून. बाबा इथे ताठ उभे राहायचे आणि मी मागे स्टुलावर चढून डावीकडची टाचणी अर्धं बोट वर घ्यायचो. दोन मिनिटांचं काम. 'माझं मला राहू दे रे,' म्हणायचे, 'परक्याच्या गळ्यात कशाला?' मोठा झालो, स्टूल गेलं, टाचणी मीच लावायचो. मग तिकडे जायचं ठरलं. मी म्हटलं, बाबा, खांद्याचं काय कराल? तर म्हणाले, तू जा, आरसा आणतो दुसरा. आणला. पण चाळीस वर्षं जो खांदा सरळच वाटत आला, त्याबद्दल आरसा तरी काय वेगळं सांगणार? मी गेल्यावर पहिलं मोठं काम ते हेच. कुणाचं, ते फोनवर कधी बोलले नाहीत. अकरा कोट. अकरा वेळा बाबा इथे उभे राहिले, आणि मागे कुणी नव्हतं. खुंटीवर फेकलेला कोट नव्हता तो, काका. आत माणूस होता. मलाच दिसला नाही.

केव्हा कळलं? ते गेल्यावर. गेल्या हिवाळ्यात. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दुकान उघडलं, तर भिंतीवर साचे टांगलेले, ते अजून तसेच आहेत बघा, आणि एकावर त्या कंपनीचा शिक्का, खाली बावीसचा आकडा. मी तो साचा काढला आणि बाबांच्या स्वतःच्या कोटावर ठेवला. रेघेला रेघ. आत्या तिथेच काज करत बसली होती, ती म्हणाली, 'त्याच कोटांपायी काम सुटलं रे दादाचं. माल तिकडे शिवून झाला होता म्हणून दुकानांत तरी गेला, पण कंपनीने कळवलं, पुढे नको. कुणी मोठा जाणकार बोलला म्हणे, हसं झालं.' जाणकार! काम आणून देणाऱ्या माणसाने बाबांना ऐकवलंही ते, त्याच्या फोनवर. आत्या म्हणते, दादाने दोनदा ऐकलं. मग फोन परत दिला आणि म्हणाला, 'बरोबर बोलतोय. नजर आहे पोराला.'

आँ? — नाही नाही, 'पोराला' आपलं असंच. कुणालाही म्हणायचे ते पोर, तुम्हालासुद्धा म्हणाले असते. आवाज कसा ओळखतील? घसा बसलेला होता माझा, दोनदा तर मधेच खोकलो, घाईत तेही कापलं नाही, तसंच जाऊ दिलं. माझं मलाच ओळखू येईना ऐकताना. आणि कळलं असतं तर बोलले नसते का? त्यानंतर आठ दिवसांनी फोन झाला आमचा, चांगला अर्धा तास. बरं वाटल्यावरच केला मी मुद्दाम, उगाच काळजी नको म्हणून. तर नेहमीचंच सगळं, जेवतोस ना वेळेवर, थंडी फार आहे का तिकडे, खोकला गेला का, गरम पाणी पीत जा, आत्या आठवण काढते. बस. त्या कोटांबद्दल अवाक्षर नाही. कळलं असतं तर —

खोकला.

मी नव्हतं सांगितलं त्यांना. कुणालाच नव्हतं सांगितलं. ठणठणीत होतो मी फोनवर.

नको, पाणी नको. तुम्ही बसा. नाही — उठा. कोट घाला. घाला हो, बाही इकडे द्या, हां. आता पाठ करा माझ्याकडे. हात सोडा मोकळे. हे बघा, तुमचे दोन्ही खांदे सरळ आहेत, म्हणून इथे सुरकुती पडते, चूक तुमची नाही. टाचणी आहे माझ्या हातात. मघापासून आहे. अर्धं बोट वर घ्यायची, बस, मला काय येत नाही का? त्यांना हेच हवं असणार, तेही ठाऊक आहे मला. हलू नका. जरा — जरा असेच उभे राहा.

नाही जमत.

कोपऱ्यावर दुसरा शिंपी आहे, निळ्या पाटीचा. हात चांगला आहे त्याचा, तासाभरात सरळ करून देईल. त्याला म्हणावं, डावीकडे अर्धं बोट, जास्त नको. पण कोट काढू नका आता, अंगावर घालूनच जा. दारापर्यंत जरा सावकाश चला. हां, असेच. असेच चालायचे.

काही राहिलं नाहीये तुमचं इथे, काका. मागे वळू नका. दार मी लावतो.