नमुना उत्तर आणि सहावी जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मुख्याध्यापिका मुन्साकाबाई. व्यासपीठावर वेळ काढून आलेले जिल्हा शिक्षणाधिकारी कापाम्बवेसाहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे इतिहासाचे सिआंक्वेडेसर. पालकहो, सहकाऱ्यांनो, आणि खिडक्यांत चढून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी चिपेगो हामूंगा, या शाळेत संगणक शिकवते. सर किती शांत, किती वक्तशीर, हे तुम्ही आतापर्यंत ऐकलंत. बाईंनी मला मघाशी कानात सांगितलं, ‘गोड बोल गं, साहेब आलेत.’ प्रयत्न करते, बाई. पण गेल्या वर्षीच्या निबंधांबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही. ते गाळून सरांना निरोप द्यायचा, हे मला जमणार नाही.

गेल्या वर्षी इतिहासाला सर एकटेच होते, आणि निबंधांचे गठ्ठे कपाटात मावत नव्हते. म्हणून शाळेत कृत्रिम बुद्धिमत्तेचा तो प्रोग्राम आला. सरांनी नमुना उत्तर लिहून दिलं, मी ते यंत्राला दिलं. यंत्राने निबंध वाचले, गुण दिले, प्रत्येकाखाली एका ओळीत कारण लिहिलं. सरांनी मधलेच काही तपासून पाहिले, ठीक वाटले. पहिल्या सहा मुलांना चोमा शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत जागा मिळणार होती. यादी फळ्यावर लागली.

दुसऱ्या दिवशी लुयान्दो आपला निबंध घेऊन सरांकडे गेली. पंचवीसपैकी सहा. प्रश्न होता, करिबाच्या धरणाचे खोऱ्यातल्या लोकांवर काय परिणाम झाले? तिने आजीने सांगितलेलं लिहिलं होतं. धरणासाठी गावं उठवली तेव्हा लॉरीत चढायला नकार देणारी माणसं, पोलिसांचा गोळीबार, पाण्याखाली गेलेल्या कबरी. यंत्राचा शेरा होता, ‘मुद्दे अपेक्षित उत्तराला धरून नाहीत.’

सर तडक माझ्या खोलीत आले. एवढे शांत सर, पण निबंध माझ्या टेबलावर आपटला.

‘चिपेगो, तुझ्या या यंत्राला आईबाप आहेत की नाहीत?’

मलाही राग आला. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. ‘सर, हे तुमचंच नमुना उत्तर आहे. वाचा तुम्हीच.’

त्यांनी वाचलं. वीज, तांब्याच्या खाणी, मासेमारी, रस्ते. आणि शेवटी एक ओळ: ‘लोकांना उंचावर नवी जागा मिळाली.’

ज्या माणसाची आई थोरल्या लेकराला पाठीशी बांधून त्याच लॉरीत चढली होती, त्याने ही ओळ लिहिली होती. सर खाली बसले.

मग म्हणाले, ‘परीक्षेत हेच मागायचे गं. पोरं पास व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं हेच उतरवत आलो. एखाद्याने आजीचं लिहिलं की मी आपला हाताने गुण देऊन टाकायचो. हाताला ठाऊक होतं, कागदाला कधी सांगितलंच नाही.’

आम्ही नवं नमुना उत्तर लिहिलं. नुसतं रडगाणं नको. कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, त्याला दुसरा आधार काय, हे असेल तर गुण. यंत्राने सगळे निबंध पुन्हा वाचले, आणि या वेळी त्याच्या बरोबरीने सरांनीही, एकही न सोडता. लुयान्दो वर आली. सहावा असलेला मुदेन्दा सातवा झाला.

मी सरांना विनवलं. ‘यादी लागलीय सर. त्या पोराला वडील नाहीत. राहू द्या ना.’

‘आणि लुयान्दोला काय सांगू?’

तुम्ही काय सांगितलं असतं?

पालकांची सभा याच सभागृहात झाली. कापाम्बवेसाहेब, क्षमा करा, पण तुम्ही तेव्हा म्हणालात, ‘यादी वर गेलीय. आता बदलायची तर चूक कुणाची, ते लिहून द्या.’

‘माझी,’ सर म्हणाले. ‘आणा कागद.’

तेवढ्यात मुदेन्दाची आई उठली. ‘माझ्या पोराने काय चुकवलं, सर?’

‘काही नाही, मुदेन्दाच्या आई. मी शिकवलं तेच त्याने लिहिलं.’

‘मग शिक्षा त्याला का?’

मी वाट बघत होते, आता सर काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. मान खाली घालून त्यांनी सही केली. त्या सहीने बोर्डाच्या परीक्षकांतून त्यांचं नाव गेलं, ते आजतागायत परत आलेलं नाही.

पुढे सर मुदेन्दाच्या घरी जायला लागले. तो आतून बाहेर यायचा नाही. आई म्हणायची, ‘मला वेळ नाही सर, कापेंटा मासळी वाळवायची आहे.’ सर तिच्याबरोबर उन्हात ते मासे पसरवायचे, उलटवायचे आणि घरी यायचे. माफी मात्र मागितली नाही. माफीने जागा परत येत नाही, हे त्यांना कळत होतं.

एके दिवशी पोरगा दारात येऊन उभा राहिला. ‘सर, माझे आजोबा लॉऱ्यांत माणसं भरणाऱ्यांत होते. सरकारच्या बाजूने. घरात कुणी बोलत नाही. हे लिहायचं असतं का?’

आईचे हात थांबले. सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुढचे मासे उलटवू लागली आणि म्हणाली, ‘लिहू दे.’

या वर्षी त्याने ते लिहिलं. यंत्राने एकवीस गुण दिले. सरांनी खोडून एकोणीस केले. मी म्हटलं, ‘सर, निदान याला तरी!’ तर म्हणाले, ‘साल चुकलंय.’

मुदेन्दा चोमाला गेला नाही. तो तिथे, तिसऱ्या खिडकीत बसलाय.

बाईंचे आणि साहेबांचे आभार, त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. गोड बोलायचं राहूनच गेलं, पदरात घ्या. सर, उद्यापासून यंत्राबरोबर निबंध मलाच वाचायचेत. साल चुकलं तर कान धरायला येत जा.