तिला साडी नको

जुईनगरच्या फोटो स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोसाठी बसलो होतो. माझ्याआधी एक आजोबा होते आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली त्यांची नात. स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर होता.

“परवा आमच्या म्हातारीचं बारावं हाय. हार घालायला फोटो पायजे.”

“आधार कार्डावरचा चेहरा घेतो, काका. खाली भरजरी साडी जोडतो, मागे निळा पडदा. सगळे तसंच करतात.”

“उन्नती, तुज्याकडं नाय का आजीचा? वरीसभर खाडीवर फोटो काढतेस.”

“एकच आहे, आजोबा. चुकून आलेला. मी फ्लेमिंगो काढत होते, आजी मधे आली.”

“दाखव.”

“फोकस नीट नाहीये. हाताला माशांची खवलं आहेत. क्लासचे सर म्हणाले, डिलीट कर. मला जमलं नाही.”

“दाखव तर, बाय.”

“हा.”

“अशीच बगायची ती. दादा, हाच मोठा करा.”

“निदान साडी तरी बदलतो, काका.”

“नको. नेसलीय ती ऱ्हाऊ दे.”

“तोंड उघडं आहे हो त्यांचं.”

“बोलतेय ती. काय बोलत व्हती गं?”

“‘दोन घास खाऊन जा’ म्हणत होती.”

“मग खाल्लंस?”

“नाही, आजोबा. उजेड जात होता. मी तिला म्हटलं, जरा बाजूला हो.”