दादाच्या गाडीचा लाल दिवा

— नाही हो काका, आमच्या गावात गॅरेज नाही असं कोण म्हणतंय, आहे की, घराबाहेर पडलं की समोरच आहे, पण त्याच्याकडे ईदच्या आदल्या दिवशी ही गर्दी, म्हटलं जरा लांब जाऊ, तेवढीच चक्कर होईल — हो, रोज्यात आणि एवढ्या उन्हात चक्कर, हसा, हसा. तर काम काही मोठं नाही. मोटारसायकलचा मागचा ब्रेक लाईट लागून राहतो. पाय लावा, नका लावू, चावी फिरवली की लाल. बल्ब काढून ठेवलाय मी, हा घ्या, खिशातच आहे. का काढला म्हणजे? बॅटरी उतरते ना! उगाच. दुसरं काय कारण असणार.

तिथेच असेल, हां, पॅडलच्या वर तो स्विच आहे ना, त्याची ती बारकी स्प्रिंग. ताणली गेलीय? असेल. ताणणारच, मी काय गाडीला बायकोसारखं जपतो — बायकोलाही जपत नाही म्हणते ती, ते जाऊ दे. ते काळं काय लागलंय? रबराचं आहे. ट्यूबची पट्टी. अहो, कामाच्या शहरातून, बेकासीहून, इथे गावी वोनोगिरीपर्यंत यायचं, वर्षातून एकदाच, मग सामान नको? सीटच्या मागे फळी ठोकली, फळीवर खोकी, खोक्यांत बिस्किटांचे डबे, पोरांचे कपडे, आईचं नवं बाटिकचं कापड — आणि सगळं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलं. एक पट्टी पुरेना, ती खालून घेतली, पायाजवळून. तीच त्या स्प्रिंगमध्ये अडकली असणार. सगळेच असं बांधतात. तुम्हीही बांधलं असेल तरुणपणी, सांगा, नाही बांधलं?

अपघात? छे! माझ्या गाडीला कुठे अपघात! एक ओरखडा दाखवा. — हां, ती फळी मोडलीय ती उतरवताना. बरं, उतरवताना नाही. पण माझा अपघात नाही झाला, काका. धाकट्याचा झाला. यांतोचा. त्याचं नाव गियांतो, आम्ही यांतो म्हणतो. तो मागे होता, मी पुढे. आमच्याकडे असंच, मोठ्याची गाडी पुढे. त्याची गाडी नवी, माझ्या खटाऱ्याला सहज मागे टाकील, पण दादाला ओव्हरटेक करायची टाप नाही त्याची. निघताना अंगणात सगळ्यांदेखत मी त्याला बजावलं होतं — इकडेतिकडे बघायचं नाही, माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवायची, तो पेटला की तूही थांबायचं. हो दादा, म्हणाला. त्याचं सगळं हो दादाच असतं. चाळिशीला आला तरी हो दादाच.

मग वाटेत ब्रेबेसला पेट्रोल पंपावर थांबलो. गर्दी तर विचारू नका, रस्ता नव्हे, मुंग्यांची रांगच. तिथे तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, बायकापोरांना ऐकू जाऊ नये असा, की दादा, तुझा ब्रेक लाईट सकाळपासून लागलेलाच आहे, तू थांबतोस की चालतोस ते कळत नाही मला, पट्टी सोडून बघूया का. आता तुम्ही सांगा, ती पट्टी सोडायची म्हणजे काय? सगळी खोकी उतरवायची, फळी सैल करायची, पुन्हा सगळं आवळायचं, त्या उन्हात, पोटात अन्न नाही, घशात पाण्याचा थेंब नाही! मी म्हटलं — काय म्हटलं माहितेय? म्हटलं, अरे वेड्या, बरंच आहे की! अंधारात तुला दादा लांबून दिसेल. आणि हसलो. माझी बायकोही हसली. लास्मी — यांतोची बायको — ती नाही हसली. ती दिव्याकडे बघत राहिली.

काढलीत स्प्रिंग? बरं. नवी आहे ना तुमच्याकडे? शोधा, शोधा, मी बसतो. खरं म्हणजे बसवत नाही मला. दोन दिवस झाले, बसलो की तेच दिसतं. आलास रोबानच्या घाटाचा उतार उतरलो होतो, सागाचं जंगल संपलं आणि वस्ती लागली, दिवेलागणीची वेळ, आणि मशिदीत नगारा वाजला. मगरिब. रोजा सुटला! डाव्या हाताला टपरी, शहाळ्याचं पाणी, वर बर्फाचा चुरा, बाई ग्लास भरत होती — आणि मी ब्रेक दाबला. इंडिकेटर नाही, हात नाही, आरशात बघणं नाही. दाबला तो गच्चच. काका, दिवसभराची तहान होती हो. त्याच्या डोळ्यांसमोर तर सकाळपासून तोच लाल दिवा, जसाच्या तसा, त्याला काय कळणार? तो माझ्यावर आदळलाच नाही. माझ्या मागे माझं पोर बसलं होतं, ते दिसलं असणार त्याला, शेवटच्या क्षणी त्याने गाडी बाजूला घेतली, फळीचं टोक लागलं आणि गाडी आडवी. तो उठला. लास्मीचा पाय खाली राहिला. गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतात जुळेल. ती बाटिकच्या कापडावर मेणाने नक्षी काढते, दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून, आता कशी बसणार? डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही मला.

पण ऐका ना, ते एवढंच असतं तर — अपघात होतात, ईदच्या गर्दीत कुणाचे नाही होत! पुढचं ऐका. दवाखान्यात लोक जमले, घरून फोन, मामा ओरडतोय, कसं झालं, कसं झालं. आणि मी फोनवर म्हटलं — यांतोचं लक्ष नव्हतं. रोज्याने पेंगत असेल. आपोआप आलं तोंडात, मी ठरवलं नव्हतं. एकदा म्हटल्यावर मग थांबता येईना. घरी आल्यावर आईसमोर, मामासमोर झापलं त्याला मी. बायको मागे बसलेली आणि डोळे कुठे होते तुझे, असं म्हणालो. माझ्या दिव्याकडे होते त्याचे डोळे, काका! मी सांगितलं होतं तिथेच होते. आणि तो खाली मान घालून उभा.  एकदा म्हणाला असता, दादा, दिव्याचं सांग ना — मी चिडलो असतो, भांडलो असतो, पण सुटलो असतो. लास्मी खाटेवरून माझ्याकडे बघत होती.  तो बोलत नाही म्हणून ती बोलत नाही.

म्हणून बल्ब काढला. म्हणून गाडी मागची बाजू भिंतीकडे करून लावली. म्हणून तुमच्याकडे आलो. झालं समाधान? उद्या मामा येणार, त्याचा जुन्या गाड्यांचा धंदा, दारात गाडी दिसली की चावी फिरवून बघितल्याशिवाय आत यायचा नाही. आणि मी — म्हणजे दिवा नीट झाला की मग यांतोने कधी तोंड उघडलं तरी — मग तोच खोटा पडेल ना. बघा, असं मोठ्याने म्हटल्यावर कसं वाटतं. भावाला खोटा पाडायला मी एवढ्या उन्हात आलोय.

आणि उद्या ईदच्या नमाजानंतर, रीतीप्रमाणे, यांतो माझ्यापुढे गुडघे टेकणार. वडील गेल्यापासून आईशेजारची खुर्ची माझी. रांग लावून सगळे धाकटे येतात. तो माझे हात हातात घेणार, त्यावर कपाळ ठेवणार, म्हणणार, दादा, माझं चुकलंमाकलं माफ कर. बाकी वर्षी म्हणतो ते म्हणण्यापुरतं, माझी कसली माफी मागणार तो, माझ्या ताटातला मासाही न विचारता उचलला नाही त्याने कधी. यंदा मात्र सगळे कान देऊन ऐकतील. आणि मी डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, केलं माफ! काय तोंडाने म्हणू?

झालं? बल्ब बसवलात? बघू — पाय दाबला, लाल. सोडला, गेला. पुन्हा दाबा, लाल. सोडा. गेला. छान. छान झालं. नाही, चेहरा वगैरे काही नाही, भूक लागलीय, अजानेला वेळ आहे अजून. तुम्ही ते हातपुसणं जरा द्या — कोण येतंय ते सायकलवर? सायकल मामाची, पण वर यांतो. अरे देवा. हा कसा आला इथे?

काय रे यांतो? आईने बोलावलं? येतोच आहे. हे... हे बॅटरीचं जरा — काय? तीन गावं विचारत आलास? कशाला? ते काय आहे हातात, कागदात? दाखव. दाखव म्हणतो ना.

स्प्रिंग.

काका, हा स्प्रिंग घेऊन आलाय. तालुक्याला जाऊन आणलीय. म्हणतो, तू झोपल्यावर बसवणार होतो दादा, मामा यायच्या आत, पण गाडी दिसली नाही, म्हणून शोधत आलो.

नाही, सायकल टेकवून ठेव. ठेव रे. जवळ ये. काका, तुम्ही जरा आत जा. पैसे देतो, पळून जात नाही, सगळं नंतर. हा पाना राहू दे, दिवाही राहू दे, तुम्ही आत जा. मला जरा खाली बसायचंय याच्यापुढे. जा ना, काका.