मादी चंदन

...हलू नकोस म्हटलं ना. जबडा आधीच फाटलाय, त्यात वळवळतोयस — माती गेलीय जखमेत, धुवायला नको? आणि कोयत्याकडे बघू नकोस, तो आता माझ्याजवळ आहे. झोंबणारच. चंदनाच्या मुळीच्या सालीचा काढा आहे — हो, तेच, तुम्ही लॉरीत भरत होतात ते. तुम्हाला तेल हवं, अत्तराला. आम्ही सांबुरू लोक ही साल मटणाच्या रश्शात उकळतो, पोट बिघडलं की पितो, जखमेला लावतो. नैरोबीच्या डॉक्टरीणबाई मुळी तपासायला घेऊन गेल्या, म्हणाल्या हिनं जंतू मरतात. म्हटलं, बाई, मग आम्ही काय गंमत म्हणून लावत होतो? पण आम्ही एका अंगाची मुळी सोलतो, वर माती ओढतो, झाड जगतं. तुम्ही मुळासकट उपटता. माझा लेमायान आडवा आला तर त्यालाही — खांद्यापासून छातीपर्यंत कोयत्यानं उघडा केलात. श्वास घेतला की रक्ताचा फेस यायचा. मी सालीसाठी डोंगर चढले, तर वर नुसते खड्डे. पलीकडच्या डोंगरावरून घेऊन आले तोवर माझं पोर गार पडलं होतं. त्यातलीच उरलेली ही साल, तुझ्या तोंडाला.

दया? कसली दया. तुझं तोंड मला चालतं हवंय. बाहेर ऐकतोयस ना? पेट्रोल आणलंय आमच्या लोकांनी. सगळ्यात मोठ्यानं ओरडतोय तो माझा दीर, लोइबोर. म्हणतो, वहिनी, मलमपट्टी कसली करता, द्या बाहेर, आत्ता पेटवतो. लेमायानवर फार जीव त्याचा. मी म्हटलं, थांबा भावोजी, एक विचारते आणि देते.

तर सांग. आमच्या चंदनात नर झाड वेगळं, मादी वेगळं. तेल जास्त मादी झाडात, म्हणून तुम्हाला मादीच हवी. फळं धरली की मादी कुणालाही कळते. पण तुम्ही आलात तेव्हा एका झाडाला फळ नव्हतं, तरी नर एकही तोडला नाहीत. नेमक्या माद्या उपटल्यात. फळाशिवाय मादी ओळखणार मुळी काढणारेच — म्हणजे आमच्या घरातले दोघंच, मी, आणि —

कुणी दाखवल्या? बोल. थुंक ते रक्त आणि बोल.

पुन्हा म्हण.

...

बरं. भिंतीकडे तोंड कर. आवाज करू नकोस.

भावोजी, या, घेऊन जा याला. एकटेच या — आत जागा थोडी आहे.